“पप्पा, तुम्ही अगदी त्या सिनेमातल्या बापासारखे आहात”

“मुलानं कुठलासा सिनेमा बघितला आणि मलाच त्यातला खलनायक ठरवलं. मोबाइल काढून घेऊ का?” असं विचारणारे वडील समुपदेशनासाठी माझ्याकडे वरचेवर येतात. मोबाइल काढून घेऊ नका, हे आधीच सांगते. मुलगा सिनेमाच्या आडून का होईना, काहीतरी सांगू पाहतोय. ती वाट बंद केलीत तर दुसरी लवकर सापडायची नाही.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक. मुलगा सतरा वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमाला घातलेला, पण जीव सगळा फोटोग्राफीत. त्यानं विक्रमादित्य मोटवाने यांचा 2010 सालचा ‘उडान’ पाहिला आणि रात्री जेवताना म्हणाला, “पप्पा, तुम्ही सेम त्यातल्या बापासारखे, त्या भैरवसिंगसारखे आहात.” वडील ताटावरून उठले. तेव्हापासून अबोला. “पप्पांना सांग, फीची तारीख आलीय,” “त्याला सांग, पैसे कपाटात आहेत.” मधल्यामध्ये आईची फरफट. शेवटी तीच दोघांना घेऊन आली.

वडिलांनी रागारागानं का होईना, तो सिनेमा बघितला होता. “मॅडम, तो माणूस पोरांना मारतो. आठ वर्षं पोराला होस्टेलवर भेटायला जात नाही. मी याच्यावर कधी हात उगारला नाही. ओव्हरटाइम करून फी भरतोय. आणि मी तसला?” बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. त्यांची बाजू खोटी नव्हती.

अशा वेळी मी मुलाला एकट्याला बसवून विचारते, नेमका कुठला सीन? सबंध सिनेमा मुलाच्या मनात नसतो. एखादाच प्रसंग रुतलेला असतो, आणि तक्रार त्यात असते. या मुलानं मारहाणीचं नावही काढलं नाही. त्याला आठवत होतं ते पहाटेचं पळणं. जमशेदपूरचा तो बाप रोज मुलाला, रोहनला, पळायला नेतो आणि शेवटच्या टप्प्यात शर्यत लावून त्याला हरवतो. “आमच्याकडे पण तेच चालतं,” मुलगा म्हणाला. “मी काही दाखवलं की ते ‘तुझ्या वयात मी’ म्हणून सुरू करतात.” त्यानं पहाटे आगारात रांगेत उभ्या असलेल्या एसटी गाड्यांचा फोटो काढला होता. खास पप्पांसाठी, त्यांच्या कामाच्या जागेचा. पप्पा म्हणाले, “तुझ्या वयात मी या गाड्यांखाली पडून नट आवळत होतो.” फोटोकडे धड बघितलंसुद्धा नाही.

वडिलांना वाटतं, आपण पोराला उभारी देतोय. पोराला ऐकू येतं, तू हरलास. कितीतरी घरांत हे एकच वाक्य रोज बोललं जातं, आणि मारापेक्षा ते कमी लागतं असं मला अजिबात वाटत नाही.

दुसरीकडे, ‘उडान’ आपण रोहनच्या बाजूनं बघतो. बाप असा का झाला, हे त्यात फार थोडं दिसतं. म्हणून मी मुलाला नागराज मंजुळे यांचा 2013 सालचा ‘फँड्री’ बघायला सांगितला. किशोर कदम यांनी उभा केलेला त्यातला बाप, कचरू, गावासमोर मान खाली घालून जगतो. लेकीच्या लग्नासाठी त्याला पैसा हवा आहे. डुकरं पकडताना शाळेतली मुलं बघतील म्हणून त्याचा मुलगा जब्या लपतो, तेव्हा बाप त्यालाच मारतो. जातीनं केलेला तो अपमान फार मोठा आहे, कुठल्याही घरातल्या कुरबुरीशी त्याची तुलना नाही. पण बाहेर गिळलेला संताप घरात पोरावर कसा निघतो, हे तिथं लख्ख दिसतं. पुढच्या वेळी मुलगा आपणहून म्हणाला, “शेवटी जब्या दगड मारतो, पण बापाला नाही मारत.”

वडिलांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. ‘तुझ्या वयात’नं वाक्य सुरू करायचं नाही. आणि त्या वयातलं सांगायचंच असेल तर कष्टांचा हिशेब नको, तेव्हा भीती कशाची वाटायची ते सांगा. बराच वेळ गप्प राहून ते मुलाला म्हणाले, “माझे वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो. पुस्तकं परत केली ती मीच. तुझंही शिक्षण मधेच सुटेल म्हणून जीव घाबरतो रे.” मुलाला हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यानं मोबाइल काढून तोच फोटो पुढे धरला. या वेळी वडिलांनी तो बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाले, “तिसऱ्या गाडीचं बॉनेट नीट बसलेलं नाही.” मुलगा खळखळून हसला. मेकॅनिकचं बघणं असंच असणार, आणि त्याला ते पुरेसं होतं.

सिनेमात शेवटच्या दहा मिनिटांत गळाभेट होते, तशी यांची झालेली नाही. डिप्लोमा चालू आहे, रविवार फोटोंसाठी मोकळा ठेवलाय, कॅमेऱ्याच्या किमतीवरून मध्यंतरी पुन्हा वाजलं. पण आता दोघं एकमेकांशीच भांडतात.

हे सगळं मार नसलेल्या घरांसाठी. जिथं खरोखर पट्टा निघतो, तिथं मुलाला “बापाला समजून घे” असं कुणीही सांगू नये, आईनंही नाही. अठराच्या आतल्या मुलांसाठी 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. त्या नंबरवर मुलगा स्वतः फोन करू शकतो, शेजारीही करू शकतात.