‘हे नाटक तर नाही ना?’

मुलं स्वतःला इजा करून घेतात हे कळल्यावर आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे दोन शंका घेऊन येतात. जिवाचं काही बरंवाईट तर करून घेणार नाही ना, ही पहिली. दुसरी जरा दबक्या आवाजात: लक्ष वेधून घ्यायला चाललेलं नाटक तर नाही? पंधरा वर्षांच्या एका मुलीची आई हेच विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नाटक करणारा लपवत नाही. ही मुलगी भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची.

तिला मी ‘का करतेस?’ असं विचारलं नाही. त्यावर बहुतेक मुलं ‘माहीत नाही’ म्हणतात, आणि ते खरंही असतं. त्याआधीचा अर्धा तास कसा गेला, एवढंच विचारलं. मग हळूहळू उलगडलं. आईबाबांची भांडणं सुरू झाली की छातीत दाटून यायचं, रडू मात्र फुटायचं नाही. “नंतर डोकं शांत होतं. थोड्या वेळाने स्वतःचीच किळस येते.”

शरीराची वेदना ओसरताना मनावरचा ताणही थोडा वेळ उतरतो. मेंदू ही सुटका लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी तीच वाट धरतो. काहींचं उलट असतं. आतून सगळं बधिर झालेलं, वेदनेने निदान काहीतरी जाणवतं. कुणी स्वतःला शिक्षा देत असतं. आणि शब्दांत सांगून कुणी ऐकलं नाही म्हणून जखम दाखवणारेही असतात. त्यालाही मी नाटक म्हणणार नाही.

पहिल्या शंकेचं उत्तर सोपं नाही. पुष्कळदा हेतू मरण्याचा नसतो. 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणानेही अशा इजेची वेगळी नोंद घेतली, पुढील अभ्यासाचा विषय म्हणून. पण अशांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला आढळतो. म्हणून मी थेट विचारते, “मरून जावंसं वाटतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ती ‘नाही’ म्हणाली, तरी पुढच्या भेटींतही विचारत राहिले.

आईने ‘पुन्हा करणार नाहीस’ अशी शपथ घातली होती. ती मोडली आणि लपवाछपवी वाढली. शपथ मागे घ्या, म्हटलं. जखम दिसली तर आधी मलमपट्टी, बोलणं नंतर. इजा करता येईल अशा वस्तू हाताशी नकोत, हेही तिला सांगूनच करायचं.

मुलीबरोबर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या, तीव्र भावना सांभाळायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीतली कौशल्यं घेतली. अनावर क्षणी चेहऱ्यावर गार पाणी, भराभर चालणं, मावशीला मोबाइलवर नुसतं एक टिंब पाठवणं. टिंब आलं की मावशीने फोन करायचा, कारण विचारायचं नाही. हे टिंब तिनेच सुचवलं होतं.

मधे एकदा पुन्हा झालं. ते तिने स्वतःहून येऊन सांगितलं, ही मला मोठी गोष्ट वाटली. वडील मात्र “आमच्या भांडणाचा हिच्याशी काय संबंध?” म्हणत होते. आईवडील दोघांच्या माझ्याबरोबरच्या भेटी अजून चालू आहेत. जखम खोल असेल किंवा मरणाचे विचार बोलून दाखवले असतील, तर समुपदेशनाच्या तारखेची वाट पाहू नका. एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.