कुलगुरू व्हायचंय? उलटं गणित मांडा

ठाण्यातल्या कॉलेजात शिकवायला नुकतेच लागलात, तर हिशेब शेवटाकडून करा. महाराष्ट्रात कुलगुरूपद 5 वर्षांचं किंवा वयाच्या 65 पर्यंत, जे आधी संपेल ते. त्याच विद्यापीठात पुन्हा नेमणूक नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत प्रोफेसरपदाचा 10 वर्षांचा अनुभव मागितलाय. म्हणजे 65 मधून ही 10 आणि कुलगुरूपदाची 5 वजा करा, पन्नाशीच्या आत प्रोफेसर झालेलं बरं. गाडी बहुतेकांची अडते ती असोसिएटवरच, म्हणजे प्रोफेसरच्या आधीच्या पायरीवर: पीएचडी आहे, पण बढतीला लागणारे 10 शोधनिबंध झालेले नसतात, आणि त्यातले 3 बढतीसाठी तपासल्या जाणाऱ्या काळातले हवेत हे उशिरा कळतं. नॅक (कॉलेजचं दर्जा-मूल्यांकन), परीक्षा, बजेट ही कंटाळवाणी कामं मागून घ्या. कुलगुरूपदासाठी नावं निवडणाऱ्या शोध समितीसमोर बोलायला तीच उपयोगी पडतात. नेमणुकीचे आदेश आणि विद्यापीठाची मान्यतापत्रं मात्र पहिल्या दिवसापासून फायलीत.