झाडांच्या डिंकापासून औषध हळूहळू सोडणारी गोळी बनते का? बी. फार्म.च्या प्रोजेक्टला कोणता डिंक घेऊ? गाइड म्हणतात, नैसर्गिक मालाचा भरवसा नाही.

बनते. मी स्वतः बनवली आहे. तुमच्या गाइडचं वाक्य मलाही एम. फार्म.ला ऐकवलं गेलं होतं, म्हणून लिहितेय.

आमचं किराणा दुकान धारणी तालुक्यात. उन्हाळ्यात कोरकू बाया कुलूचा डिंक घेऊन यायच्या. आजी एकेक खडा उजेडात धरायची, हुंगायची; पांढरा एका डब्यात, लालसर दुसऱ्यात. बाजारात याला कराया म्हणतात. पाण्यात तो विरघळत नाही, नुसता फुगतो. गोळीभोवती जेलचा थर धरतो आणि औषध त्यातून झिरपत बाहेर येतं. मे महिन्यात केलेल्या माझ्या गोळ्यांनी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दहा तास धरून ठेवलं. सप्टेंबरात त्याच भुकटीच्या गोळ्या चार तासांत रिकाम्या झाल्या. माझे गाइड सर म्हणाले, "झाडाचा काय भरवसा? एचपीएमसी घे." एचपीएमसी म्हणजे असाच जेल धरणारी, कारखान्यात बनवलेली भुकटी.

दिवाळीत आजीला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "दयून ठेवला होता का वं? खडाच ठेवा लागते. पावसायात दयला का डिंक मेला."

अगदी खरं होतं. करायात अ‍ॅसिटिल गट असतात. दमट उष्णतेत त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, सुटत जातं आणि चिकटपणा उतरतो. भुकटीत हे खड्यापेक्षा फार लवकर होतं. आजी हुंगायची तो आंबूस वास त्याचाच. आमची भुकटी अख्खा पावसाळा कॉलेजच्या कपाटात पडून होती. मी आजीच्या डब्यातले खडे नेले, सकाळी दळले, दुपारी गोळ्या दाबल्या. पुन्हा दहा तास! सरांनी तो ग्राफ बघितलाही नाही. प्रबंध एचपीएमसीवरच गेला. एचपीएमसी तरी कशाचं? लाकडाच्या नाहीतर कापसाच्या सेल्युलोजचं. फक्त कारखान्यात त्याच्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी मोजमाप ठेवतं. आमच्या कपाटातला दमटपणा कोणी मोजला होता?

तुमच्या प्रोजेक्टला चिंचोके घ्या. विदर्भात कुठेही मिळतात. भाजून टरफल काढा, गर दळा, पाण्यात उकळा, निवळ गाळून त्यात अल्कोहोल घाला. चिंचोक्यातला डिंकासारखा पदार्थ, झायलोग्लुकन, खाली बसतो. तो श्लेष्मल त्वचेला (तोंड, डोळे यांच्या ओलसर अस्तराला) चिकटतो, म्हणून डोळ्यांच्या थेंबांतही वापरतात. औषध मोठ्या आतड्यात सोडायचं असेल तर मात्र गवार गम, म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. जठरात आणि लहान आतड्यात तो पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यातले जीवाणू तो फोडतात.

धावड्याचा डिंक यासाठी नको. तो तेल-पाणी एकत्र धरायला चांगला, पण कराया किंवा चिंचोक्यासारखा दाट होत नाही.

हेही सांगायला हवं, की मी कारखान्यात कधी काम केलेलं नाही. माझं सगळं प्रयोगशाळेतलं. नैसर्गिक डिंकात जंतू लवकर वाढतात, त्यामुळे जंतूंची तपासणी टाळू नका. आणि कुलूचाच हट्ट असेल तर डिंक कसा काढला ते विचारून घ्या. कुऱ्हाडीचे खोल घाव घालून काढलेल्या डिंकापायी झाडं वाळतात. आमच्याकडच्या टेकड्यांवर वाळलेली मी पाहिली आहेत.

डबीवर डिंक दळल्याची तारीख लिहा. दर महिन्याला चिकटपणा मोजून त्याच वहीत नोंदवा, आणि गाइडनी भरवशाचं काढलं की वही त्यांच्यासमोर ठेवा. माझ्याकडे फक्त दोन ग्राफ होते, मधल्या महिन्यांची नोंद नव्हती.