केमो झालेले डोळे

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. जठराच्या कॅन्सरने गेलेल्या आजोबांच्या घरच्यांना तू आपल्या नेत्रपेढीतर्फे जाऊन दारातूनच सांगितलंस, ‘केमो झालीये, नेत्रदान होणार नाही.’ मग तुलाच शंका आली. बरोबर आली. पहिल्या वर्षी मीही हेच करून बसलोय. वडिलांचं आधार कार्ड हातात घेऊन जिन्यात थांबलेली ती मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे.

आधी विचारायचं, कॅन्सर कुठला? ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा हे रक्ताशी संबंधित कॅन्सर, डोळ्यातलीच गाठ किंवा मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर असेल, तर हात जोडून नाही म्हणायचं. स्तन, फुफ्फुस, जठर यांच्या कॅन्सरमध्ये कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, सहसा चालतो. त्यात रक्तवाहिन्याच नसतात, गाठीच्या पेशी तिथवर पोचणार कशा?

केमोचा मार भराभर वाढणाऱ्या पेशींवर. म्हणून केस जातात, पापण्यांचेसुद्धा, आणि कॉर्नियाचा वरचा थर खरबरीत होऊ शकतो. पण रोपणानंतर तो थर रुग्णाच्या स्वतःच्या पेशी नव्याने भरून काढतात. आपल्याला जपायचा असतो आतला थर, एंडोथेलियम. त्या पेशी मोठ्या माणसात जवळपास विभागतच नाहीत, म्हणून केमोला सहजी सापडत नाहीत. या पेशी मोजायच्या स्पेक्युलर मायक्रोस्कोपखाली पोळ्यासारखे षटकोन नीट बसलेले दिसले आणि चौरस मिलिमीटरला २००० च्या वर भरले, की माझा जीव भांड्यात पडतो.

घात करतात ते शेवटचे दिवस. पेशंट मॉर्फिनवर, पापण्या अर्धवट उघड्या, बुब्बुळाची खालची पट्टी सुकून पांढुरकी. टॉर्च तिरका धर, लगेच दिसेल. केसपेपरात सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, लिहिलाय का बघ. रक्त किंवा सलाईन भरपूर चढवलं असेल तर नमुना पातळ होतो आणि एचआयव्ही, हेपॅटायटिसची तपासणी फसवी निघू शकते. आधीचा नमुना लॅबमध्ये शिल्लक आहे का, ते तिथल्या तिथे विचार. फोनवर घरच्यांना पंखा बंद, डोळे मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी एवढं सांगून निघायचं. मृत्यूनंतर डोळे काढायला मिळणारे सहा तास बघता बघता जातात.

आणि ‘दोघांना दृष्टी मिळेल’ असं आधीच बोलून बसू नकोस. ‘नेतो, तपासतो, रोपणाला नाही बसलं तर शिकण्यासाठी वापरतो’ एवढंच, तेही संमतिपत्रात असेल तर.

त्या घरी एकदा फोन कर. आजोबांचं राहिलं ते राहिलं, पण आजी आहेत. आपण चुकीचं सांगितलं होतं, हे त्यांना आपल्याच तोंडून कळू दे.