सार्वजनिक राजनयावरील व्याख्यानांना नव्याने येणाऱ्यांसाठी

सार्वजनिक राजनय म्हणजे परदेशातल्या सरकारशी नव्हे, तर तिथल्या लोकांशी संबंध जोडण्याचे काम. व्याख्यानाला येण्यापूर्वी वक्ता सेवेतील राजदूत आहे, निवृत्त अधिकारी आहे की संशोधक, हे पाहूनच प्रश्न तयार करावा. सेवेतील अधिकारी आपल्या सरकारच्या अधिकृत भूमिकेबाहेर सहसा जात नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. धोरण चूक की बरोबर असे त्याला विचारण्यापेक्षा, नेमणुकीच्या देशातले विद्यार्थी, पत्रकार आणि कलावंत यांच्याशी दूतावास संबंध कसे जोडतो व टिकवतो, हे विचारले तर पुष्कळ काही हाती लागते. निवृत्त अधिकारी बहुधा अधिक मोकळेपणाने बोलतात.

थोडा इतिहास मात्र वाचून यावाच. ब्रिटिश कौन्सिल ही ब्रिटनची सांस्कृतिक संस्था १९३४ पासून आणि फुलब्राइट हा अमेरिकेचा शिष्यवृत्ती कार्यक्रम १९४६ पासून चालू आहे. युनायटेड स्टेट्स इन्फर्मेशन एजन्सी ही परदेशी लोकांपर्यंत अमेरिकेची बाजू पोहोचवणारी सरकारी संस्था १९५३ मध्ये स्थापन झाली आणि १९९९ मध्ये, प्रसारणाचे काम वेगळे ठेवून, परराष्ट्र खात्यात विलीन झाली. हे विलीनीकरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण दीर्घ मुदतीचे सांस्कृतिक संबंध आणि धोरणाचा रोजचा प्रचार एकाच खात्याने सांभाळावा का, हा वाद आजही चर्चांमध्ये डोके वर काढतो.

प्रश्न दोन वाक्यांत मांडावा, त्याचे भाषण होऊ देऊ नये. दूतावासाच्या एखाद्या कार्यक्रमाला किती लोक आले एवढ्या उत्तरावर समाधान न मानता, त्यांच्यापैकी किती जण काही वर्षांनीही संपर्कात राहिले, हे नम्रपणे पण नेटाने विचारावे. चर्चा चॅटहॅम हाउस या लंडनच्या अभ्याससंस्थेच्या नियमानुसार असेल, तर ऐकलेली माहिती वापरता येते. ती कोणी सांगितली हे बाहेर सांगता येत नाही.