हिवाळाभर उभ्या राहणाऱ्या ऑफ-रोड गाड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी कार्ब्युरेटरची (इंजिनात जाणारे पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) क्वाड बाइक, म्हणजे चार जाड चाकांची ऑफ-रोड गाडी, बर्फ पडू लागला की चार-पाच महिने शेडमध्ये उभी असते. पेट्रोलची टाकी रिकामी ठेवावी की भरून?

उत्तर : भरून ठेवावी, फक्त पेट्रोल फुगण्यापुरती थोडी जागा वर सोडावी. अर्ध्या टाकीत जितकी हवा, तितका दमटपणा आत येण्यास वाव, आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हा दमटपणा शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. ताज्या पेट्रोलमध्ये फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे औषध) डब्यावर दिलेल्या प्रमाणात घालावा आणि मोकळ्या हवेत दहा मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे औषध घातलेले पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल. जुने पेट्रोल मात्र स्टॅबिलायझरने ताजे होत नाही.

यानंतर पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी वाटी) स्क्रू सैल करावा आणि आतले पेट्रोल भांड्यात काढून घ्यावे. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले की झाले, असे अनेक जण समजतात, परंतु त्यानंतरही बाउलच्या तळाशी थोडे पेट्रोल उरतेच. ते उडून गेले की मागे चिकट थर राहतो, आणि जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचे, छिद्र इतके बारीक असते की त्या थराने ते सहज बुजते. वसंतात ‘गाडी चोक दिल्याशिवाय चालतच नाही’ ही जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा इथेच असते. कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल फवारणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत काहीही रिकामे करू नये. स्टॅबिलायझर घातलेली भरलेली टाकी पुरते.

प्रश्न : दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवतो. एवढे पुरेसे आहे ना?

उत्तर : ही सवय सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरेसे तापलेले असेल तर ही वाफ बाहेर निघून जाते. पाच मिनिटांत मात्र ते तापत नाही, त्यामुळे वाफेचे पाणी होऊन सायलेन्सरमध्ये आणि काही अंशी इंजिन ऑइलमध्ये साचते. शिवाय स्टार्टरने बॅटरीतून घेतलेली वीज एवढ्या वेळात परत भरून निघत नाही. त्यापेक्षा गाडी ठेवण्यापूर्वीच ऑइल आणि फिल्टर बदलावा, कारण जुन्या ऑइलमध्ये साचलेली आम्ले महिनोन् महिने बेअरिंगला लागून राहतात. मग वसंतापर्यंत इंजिनला हात लावू नये.

प्रश्न : आमच्या शेडमध्ये तापमान उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. गोठण्याचा धोका कशाला?

उत्तर : उतरलेल्या बॅटरीला आणि पातळ झालेल्या कूलंटला (इंजिन थंड ठेवणारा द्रव). पूर्ण चार्ज असलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी या थंडीत गोठत नाही, परंतु पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील आम्ल जवळजवळ पाण्यासारखे झालेले असते आणि उणे १० अंशांच्या आतबाहेरच गोठून तिचे कवच फोडू शकते. म्हणून बॅटरी काढून (आधी ऋण टोक सोडवावे) घरात ठेवावी आणि चार्ज पूर्ण झाल्यावर स्वतः थांबणारा मेंटेनर तिला लावावा. साधा चार्जर महिनाभर जोडून ठेवणे धोक्याचे आहे. मेंटेनर नसेल तर महिन्यातून एकदा व्होल्टेज पाहावे व ते १२.४ च्या खाली गेल्यास चार्ज करावे.

इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असलेले कूलंट उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. उन्हाळ्यात तुम्ही त्यात नुसते पाणी ओतत आला असाल, तर कूलंट तपासण्याच्या उपकरणाने (टेस्टरने) त्याचा गोठणबिंदू मोजून घ्यावा.

प्रश्न : प्रेशर वॉशरने चिखल धुऊन लगेच कव्हर घातले तर चालेल का?

उत्तर : चिखल काढायलाच हवा, कारण तो ओल धरून ठेवतो आणि त्याखाली लोखंड गंजते. मात्र पाण्याचा जोराचा झोत चाकांच्या बेअरिंगवर किंवा रेडिएटरच्या पातळ पात्यांवर मारू नये. धुतल्यावर थोडी फेरी मारून, ब्रेक हलके दाबत ते सुकवावेत आणि मगच ग्रीस निपलमध्ये (सांध्यांत ग्रीस भरण्याची छोटी तोंडे) ग्रीस भरावे. नवे ग्रीस सांध्यात शिरलेले पाणी बाहेर ढकलते. इंजिनची शक्ती पट्ट्याने (बेल्टने) चाकांकडे जाणाऱ्या गाडीत पट्ट्याच्या आवरणाचा ड्रेन प्लग उघडून आत पाणी शिरले आहे का, ते पाहावे. कव्हर हवा खेळती ठेवणारे असावे. प्लास्टिकची ताडपत्री आतली ओल आतच कोंडते.

प्रश्न : गेल्या वर्षी एअर बॉक्समध्ये (एअर फिल्टर असलेली पेटी) उंदरांनी घरटे केले. उपाय काय?

उत्तर : हवा आत घेणारी नळी आणि सायलेन्सरचे तोंड स्टील वूलने (पोलादी तारांचा चोथा) बंद करावे आणि त्याची चिठ्ठी हँडलला बांधून ठेवावी, म्हणजे ते न काढता कोणी स्टार्टर दाबणार नाही. धान्य, बियाणे किंवा जनावरांचे खाद्य त्याच शेडमध्ये असेल तर आधी ते हलवावे. वसंतात वायरींचे आवरण कुरतडलेले नाही, याची खात्री करूनच बॅटरी जोडावी.