ओरोसी, शोजी आणि आपली ‘जाळी’

प्रश्न असा आला आहे : इराणी घरांवरच्या आणि जपानी घरांवरच्या लेखांचं मराठी करताना ‘ओरोसी’ आणि ‘शोजी’ या दोन्हींना ‘जाळीदार खिडकी’ म्हटलं तर चालेल का? की ‘झरोका’ बरा?

झरोका तर दोन्हीकडे नको. झरोका म्हटलं की राजस्थानातला सज्जा डोळ्यांपुढे येतो. ‘जाळीदार खिडकी’ ओरोसीला निम्मीअर्धी लागू पडते, शोजीला जवळजवळ नाहीच.

ओरोसी ही अंगणाकडे तोंड केलेली, कधी कधी खोलीची अख्खी बाजू व्यापणारी लाकडी चौकट. तिची झडपं बाहेर उघडत नाहीत. ती खाचेतून वर सरकतात आणि भिंतीतल्या पोकळीत जाऊन बसतात. दार आणि खिडकी यांत फारसा भेदच नाही, म्हणून तर अशा पाच झडपांच्या खोलीला फारसीत ‘पंज-दरी’, म्हणजे पाच दारांची, म्हणतात. झडपेतली नक्षी ‘गेरेह-चिनी’ पद्धतीची. गेरेह म्हणजे गाठ. लाकडाचे लहान लहान तुकडे खिळ्यांशिवाय एकमेकांत अडकवायचे आणि त्यांच्या खाचांत लाल, निळ्या, पिवळ्या काचा बसवायच्या. शिराझच्या नसीर-उल-मुल्क मशिदीत (बांधकाम १८८८ साली पूर्ण) सकाळी गालिचांवर पडणारे रंग अशाच काचांचे.

इथे मला ‘तावदान’ वापरावंसं वाटतं. शब्द मूळचा फारसीच, ‘ताबदान’. ताब म्हणजे तेज, आणि ‘दान’ आपल्या अत्तरदाणीतलं. तेव्हा ‘वर सरकणारं रंगीत तावदान’ म्हणा. जाळी म्हटलं की काच निसटते, आणि ओरोसीतून काच काढली तर उरतं काय?

शोजीचं प्रकरण वेगळं. ती खिडकी नव्हेच. या शब्दातल्या पहिल्या चित्राक्षराचा अर्थ ‘अडवणं’ असा आहे आणि पूर्वी आडोशाच्या सगळ्याच प्रकारांना शोजी म्हणत. आज आपण जिला शोजी म्हणतो ती ‘आकारी-शोजी’, म्हणजे उजेड आत घेणारी. अपारदर्शक भावंडाचं नाव ‘फुसुमा’. शोजीच्या बारीक पट्ट्यांची चौकट (‘कुमिको’) खोलीच्या बाजूला दिसते. कागद बाहेरच्या अंगाने चिकटवलेला असतो आणि तो वर्षअखेरीस बदलायचा रिवाज आहे. वरची खाच खालच्यापेक्षा खोल असते. पल्ला थोडा वर उचलला की खालून सुटतो आणि सरळ हातात येतो. त्यातून बाहेरचं दिसत नाही, फक्त पांढरा, पसरलेला उजेड येतो.

अशा वस्तूला मराठीत आयता शब्द आहे : पडदी. दोन खोल्यांमध्ये घालतात ती. ‘सरकती कागदी पडदी’ म्हटलं की काम झालं, निदान पहिल्या उल्लेखाला. पुढे खुशाल शोजीच लिहा.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. ‘युकिमी-शोजी’, म्हणजे बर्फ बघायची शोजी. तिच्या खालच्या भागातली कागदी झडप वर सरकते आणि मागची काच उघडी पडते. हिला ‘खिडकीची पडदी’ म्हणावं लागेल. आणि त्याच लेखात क्योतोच्या जुन्या घरांच्या दर्शनी बाजूची ‘कोशी’ आली, तर तिथे ‘लाकडी जाळी’ बिनधास्त वापरा. ‘सुदारे’साठी तर आपला चिकाचा पडदा आहेच.